झाझेनमध्ये पेंग येते तेव्हा

झाझेनला, म्हणजे झेन परंपरेतल्या बसून करायच्या ध्यानाला, बसून बारा-पंधरा मिनिटं झालेली असतात. श्वास मोजणं चालू असतं. चार, पाच, सहा. सातच्या जागी कधीतरी एक अनोळखी जिना येतो, त्या जिन्यावर कुणीतरी काहीतरी विचारतं, तुम्ही उत्तर द्यायला जाता आणि मान खाडकन वर येते. छाती धडधडते. समोर तीच भिंत. आजूबाजूचे सगळे ताठ बसलेत असं वाटतं आणि मनात शरम दाटते.

ही शरम आधी बाजूला ठेवा, तिचा काही उपयोग नाही. ज्या क्षणी मान पडते त्या क्षणी उपाय करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. झोप त्याच्या बऱ्याच आधी आलेली असते आणि येताना खुणा ठेवत येते. सुरुवातीची दोन वर्षं मी पेंगेशी नुसती झुंजत होते. ओठ चावायचे, डोळे ताणायचे, मनातल्या मनात स्वतःला रागवायचे. मग आमच्या शिक्षिकांनी एकदा विचारलं, ‘मान पडायच्या आधी तुमच्या हातांचं काय होतं?’ मला सांगता येईना, कारण मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या प्रश्नानंतर माझं बसणं बदललं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अंगठे बघा

झाझेनमध्ये हातांची मुद्रा ठरलेली असते. उजव्या तळव्यावर डावा तळवा, दोन्ही हात ओटीपोटाला टेकलेले आणि अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. मधे लांबट गोल पोकळी राहते. जपानीत या मुद्रेला होक्काइ-जोइन म्हणतात. शिकवताना सांगतात की अंगठ्यांचा डोंगरही होऊ नये आणि दरीही होऊ नये. टोकं एकमेकांवर दाबली गेली की अंगठे वर उचलले जातात, तो डोंगर. ताण, घाई, मनातली वादावादी तिथे दिसते. अंगठे सैल पडून तळव्यात कोसळले की दरी. ती झोपेची.

झोपेकडे सरकताना स्नायूंचा ताण उतरू लागतो. मान जड असते, म्हणून ती पडली की सगळ्यांना दिसते. अंगठे हलके, त्यांचं पडणं कुणाच्या लक्षात येत नाही. पण ते आधी पडतात. माझा अनुभव असा की अंगठ्यांतला स्पर्श पुसट होणं आणि मान झुकणं यांत दोन-तीन मिनिटं सहज जातात. क्रम साधारण असा: पहिल्यांदा टोकांचा स्पर्श जाणवेनासा होतो, अंगठे जागेवर असले तरी. मग एक अंगठा दुसऱ्यावर किंचित घसरतो. मग पोकळी बसते. तोवर कंबरेतला बाक मागे कलंडलेला असतो, हनुवटी पुढे आलेली असते आणि डोळ्यांसमोरची भिंत दुहेरी दिसायला लागलेली असते. मान सर्वांत शेवटी.

तेव्हा पहिला सराव एवढाच. पुढचा आठवडाभर झोप घालवायच्या मागे लागू नका. प्रत्येक श्वास सुटताना अंगठ्यांच्या टोकांना विचारा, स्पर्श आहे का? आहे, तर पुढचा श्वास. नसेल, तर टोकं पुन्हा हलकेच जुळवा, नुसत्या कागदाची घडी धरावी इतकीच. आठवड्याच्या शेवटी तुमची झोप कमी झालेली नसेलही, पण ती कुठल्या वाटेने येते हे तुम्हाला ठाऊक झालेलं असेल. खालचे सगळे उपाय त्या ओळखीवरच चालतात.

ही झोप कुठली?

मराठीत पेंग, डुलकी, तंद्री, गुंगी, सुस्ती, ग्लानी असे कितीतरी शब्द आहेत आणि ते उगाच नाहीत. बसल्यावर येणारी झोप एकाच जातीची नसते. मी तिचे तीन प्रकार करते.

पहिली खरी झोप. रात्री पाच तास झोपून पहाटे बसलात तर शरीर आपली थकबाकी मागणारच. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ते झोपेचा दाब वाढवत नेतं. ते पुरतं उतरतं झोपेतच. ध्यान म्हणजे झोपेची बदली नव्हे. प्रौढ माणसाला साधारण सात तास किंवा त्याहून जास्त झोप लागते, आणि ती कापून बसण्यात कसलंही शौर्य नाही. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्ही गाडीत, सभेत, वाचताना असे सगळीकडेच पेंगत असाल, तर हा प्रश्न आसनाचा नाही, अंथरुणाचा आहे.

दुसरी परिस्थितीची झोप. भरलं पोट, कोंदट खोली, उबदार पांघरूण, चुकीची वेळ. ही सगळ्यांत सोपी.

तिसरी मनाची. रात्रभर छान झोप झालेली असते, पोट हलकं असतं, आणि तरीही बसल्यावर पाचव्या मिनिटाला मन जड होऊन तळाला जातं. उठून उभं राहिलं की लख्ख जाग. पाली परंपरेत ध्यानाआड येणारी पाच नीवरणं सांगितली आहेत, त्यांतलं तिसरं थीन-मिद्ध. संस्कृतात स्त्यान-मिद्ध. आपला ‘थिजणं’ हा शब्द या थीनच्या अगदी जवळ जातो: वाहतं असलेलं मन घट्ट होऊन जागच्या जागी बसतं. चिनी-जपानी झेनमध्ये या बुडण्याला कोन्चिन म्हणतात आणि त्याच्या उलट टोकाला, विखरून जाण्याला, सानरान. वेदान्तातली लय आणि विक्षेप ही जोडी ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवं वाटणार नाही.

या तिसऱ्या प्रकाराच्या मुळाशी बरेचदा काहीतरी टाळणं असतं. नकोसा निर्णय, न रडलेलं रडू, किंवा साधा कंटाळा. मन शांत व्हायला लागलं की दबलेलं वर येऊ बघतं, आणि मन पडदा ओढून घेतं. माझ्या बाबतीत एका वर्षी ठराविक दिवशीच झोप यायची. दोन महिन्यांनी कळलं की आदल्या संध्याकाळी एका नात्यातल्या व्यक्तीशी फोनवर बोलणं झालेलं असायचं. प्रत्येक झोपेमागे असं काही शोधत बसू नका. पण तीच वेळ, तोच वार, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसला तर बघा.

बसण्याआधी

निम्मं काम इथेच होतं, त्यामुळे हे आधी उरकून घेऊ.

वेळ. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो. जेवणाने तो वाढतो, पण न जेवताही तो असतोच. नव्याने बसायला लागलेल्यांनी ही वेळ टाळावी. पहाटेचीही अडचण आहे. शरीराचं तापमान साधारणपणे उठायच्या दोनेक तास आधी सर्वांत खाली असतं, आणि उठल्यावर पहिला पाऊण तास डोकं धुक्यात असू शकतं. म्हणून पहाटे उठून थेट आसनावर जाऊ नका. तोंड गार पाण्याने धुवा, दिवा लावा, थोडं चाला, अंग ताणा, वीस मिनिटं जाऊ द्या. रात्री झोपण्याआधी बसणाऱ्यांना मी एकच सुचवेन: बसण्याची जागा आणि झोपण्याची जागा वेगळी ठेवा. गादीवर बसून ध्यान केलंत तर शरीर गादीचीच आज्ञा पाळतं.

पोट. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. इसवी सन 1227 मध्ये चीनहून परतल्यावर जपानी झेन आचार्य दोगेन यांनी झाझेनच्या ज्या पहिल्या सूचना लिहिल्या, त्यांतही शांत खोली आणि बेताचं खाणंपिणं आहे.

खोली. खिडकी किलकिली ठेवा. अंगावर एक कपडा कमी, म्हणजे किंचित गार वाटेल इतपत. त्वचा उबदार झाली की झोप लवकर लागते, त्यामुळे शालीत गुरफटून बसणं म्हणजे झोपेला आमंत्रणच. उजेड मंद चालेल, पण अंधार नको.

चहा. झेन आणि चहा यांचं नातं जुनं आहे. भिक्षू एइसाइ 1191 मध्ये चीनहून जपानला परतले ते चहाचं बी घेऊन, असं सांगतात, आणि 1211 मध्ये त्यांनी चहाच्या गुणांवर पुस्तकही लिहिलं. झेनचे आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या बोधिधर्मांनी झोप येते म्हणून पापण्या कापून टाकल्या आणि त्या पडल्या तिथे चहाचं झुडूप उगवलं, ही दंतकथाही त्याच ओढीतून आलेली. तेव्हा बसण्याआधी अर्धा तास कपभर चहा किंवा कॉफी घ्यायला हरकत नाही. मात्र कॅफिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळच्या बैठकीसाठी घेतलेला कप रात्रीची झोप खातो, आणि मग दुसऱ्या दिवशी पेंग दुप्पट.

आसन: पाठीचा कणा झोपू देत नाही

झाफू म्हणजे गोल उशी. तिच्या पुढच्या तिसऱ्या भागावरच बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा उंच हवी आणि दोन्ही गुडघे खालच्या झाबुतोनला, म्हणजे चौकोनी गादीला, टेकलेले हवेत. बूड आणि दोन गुडघे अशी तिवई झाली की पाठ आपोआप उभी राहते. गुडघे हवेत राहिले तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, पोट दबतं, श्वास उथळ होतो, आणि तिथून झोप फार लांब नसते. पूर्ण पद्मासन नाही जमलं तरी चालेल. अर्धपद्मासन, गुडघ्यांवर बसायचं सेइझा, किंवा खुर्ची, काहीही चालेल. खुर्चीवर मात्र पाठ टेकू नका, आणि पाऊल पूर्ण जमिनीवर ठेवा.

बसल्यावर कमरेपासून डावी-उजवीकडे डुला, आधी मोठं, मग लहान लहान करत मध्यावर थांबा. टाळू छताकडे ओढली जातेय असं धरा आणि हनुवटी किंचित आत घ्या. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळ्याला.

आता डोळे. इथे मी आग्रही आहे. झाझेन उघड्या डोळ्यांनी करायचं असतं. दोगेन यांनी डोळे नेहमी उघडे असावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. नजर साधारण 45 अंशांत खाली, मीटरभर अंतरावर, कशावरही रोखलेली नाही. इतर पद्धतींतून आलेल्यांना डोळे मिटायची सवय असते आणि ‘मिटले की एकाग्र होतं’ असं त्यांना वाटतं. एकाग्र होतं, आणि दहा मिनिटांत डोळाही लागतो. पापण्या अर्ध्यावर असल्या की त्या हळूहळू खाली येतात; म्हणून पेंग येणाऱ्याने सुरुवातीला त्या थोड्या जास्तच उघड्या ठेवाव्यात. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पापणी लववा, पुन्हा उघडा.

बसल्यावर पेंग आली, आता काय?

बौद्ध साहित्यात याचं उत्तर फार जुनं आहे आणि मला ते अजूनही सर्वांत उपयोगी वाटतं. मोग्गल्लान हे बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक. मगधातल्या एका खेड्यात ते ध्यानाला बसले असता पेंगत होते. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातल्या एका सुत्तात, म्हणजे उपदेशात, बुद्ध त्यांना विचारतात, मोग्गल्लान, तू पेंगतोयस का? आणि मोग्गल्लान सरळ हो म्हणतात. त्यांना कुणी रागवत नाही. पुढे उपाय येतात, एकामागून एक, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘यानेही झोप गेली नाही तर’ म्हणून पुढचा. ही चढती शिडी लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्या विचाराला धरून पेंग आली तो सोडणं, ऐकलेल्या धम्मावर मनात विचार करणं, पाठ केलेलं म्हणणं, कानाच्या पाळ्या ओढून हातपाय चोळणं, उठून डोळे धुऊन दिशांकडे आणि ताऱ्यांकडे बघणं, दिवसाचा उजेड मनात धरणं, येरझारा घालणं. आणि एवढ्यानेही नाही झालं तर? ते शेवटी सांगते.

झाझेनला साजेल अशी माझी शिडी याच धर्तीवर आहे. एका पायरीवर दहा श्वास द्या, मग पुढची.

पहिली पायरी: नाव द्या. अंगठ्यांचा स्पर्श गेलेला कळला की मनात म्हणा, ‘जडपणा आहे’. तो कुठे आहे ते पाहा. पापण्यांत? कपाळाच्या मागे? गळ्याशी? त्याला उष्णता आहे का, वजन आहे का? झोपेकडे कुतूहलाने बघणारं मन त्या वेळेपुरतं तरी जागं असतं. बऱ्याचदा इथेच काम होतं.

दुसरी: शरीर पुन्हा बांधा. अंगठे, मग कंबर थोडी पुढे, मग टाळू वर, मग डोळे. याच क्रमाने, खालून वर. नुसती मान वर केली तर दोन मिनिटांत ती पुन्हा पडते, कारण तिच्या खालचा खांब वाकलेलाच असतो.

तिसरी: श्वास. दोन-तीन खोल श्वास घ्या, सोडताना तोंडाने पूर्ण रिकामे व्हा. मग मोजणी बदला. सुसोकुकान म्हणजे श्वासांची मोजणी सहसा एक ते दहा अशी करतात आणि पुष्कळजण श्वास सोडताना मोजतात. पेंगत असाल तर श्वास घेताना मोजा. आत येणाऱ्या श्वासाला उभारी असते, सुटणारा सैल करतो. आकडा चौदा-पंधरावर गेलेला आढळला तर समजा की मोजणारा झोपला होता. एकवर या, त्यात काही बिघडत नाही.

चौथी: लक्ष वर आणा. सहाव्या शतकातले चिनी आचार्य झीयी (538–597) यांनी ध्यानाच्या सूचनांत सांगितलं आहे की मन बुडत असेल, डोकं खाली लवत असेल तर लक्ष नाकाच्या टोकाशी बांधावं, आणि मन उधळत असेल तर ते खाली, बेंबीकडे न्यावं. झाझेनमध्ये एरवी ओटीपोटाशी लक्ष ठेवायला सांगतात. पेंगेच्या वेळी मात्र काही मिनिटं नाकपुडीवर या, जिथे हवा गार लागते तिथे. जाग आली की पुन्हा खाली. बुडणाऱ्याला वर आणि उडणाऱ्याला खाली, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

पाचवी: डोळे पूर्ण उघडा, नजर समोर उचला, भिंतीवर सगळ्यांत उजळ भाग शोधा आणि पाच श्वास तिथे थांबा.

सहावी: हालचाल. घरी एकटे असाल तर कानाच्या पाळ्या जोरात ओढा, तळहात चोळून चेहऱ्यावर फिरवा, दंड-मांड्या चोळा. सभागृहात असाल तर हे टाळा. तिथे न दिसता करता येणारी युक्ती आहे: श्वास घेताना पायाची बोटं, मांड्या, पोट, मुठी सगळं घट्ट आवळा, पाच मोजा, सोडताना सैल करा. तीन वेळा.

सातवी: उठा. घरी असाल तर उभं राहून झाझेन करा, पाय खांद्यांइतके दूर, गुडघे किंचित सैल, हातांची तीच मुद्रा. किंवा किनहिन, म्हणजे चालण्याचं ध्यान. झेनच्या सोतो पंथात ते इतकं सावकाश असतं की एका श्वासाला अर्धं पाऊल. रिन्झाइ पंथात झपझप चालतात. झोपेसाठी मला रिन्झाइची चाल जास्त लागू पडते. पाच मिनिटं चालून या आणि बसा. पाय बधिर झाले असतील तर आधी ते हाताने चोळा, रक्त फिरू द्या, मगच उभे राहा. बधिर पायावर वजन टाकून घोटा मुरगळलेले मी पाहिले आहेत.

सगळ्या पायऱ्या एका बैठकीत लागतातच असं नाही. आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासूनच चढा. थेट सातवीवर जायची सवय लागली की बसण्यातली बारीक नजर घडत नाही.

गोड गुंगी

आता जे सांगणार आहे ते डुलक्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, कारण डुलकी कळते आणि ही कळत नाही. मान ताठ आहे, अंगठेही जेमतेम जुळलेले आहेत, विचार नाहीत, दुखणं नाही. सगळीकडे एक मऊ, उबदार, दुधाळ शांतता. घंटा वाजते आणि वाटतं, अरे, चाळीस मिनिटं पाच मिनिटांसारखी गेली. माणूस समाधानाने उठतो. हेच तर मिळवायचं होतं, असं त्याला वाटतं.

बहुतेक वेळा ती समाधी नसते, गुंगी असते. मी जवळजवळ वर्षभर तिच्यात रमले होते आणि त्या वर्षात माझं बसणं एक पाऊलही पुढे गेलं नाही. दिवसभरच्या वागण्यात काही उतरत नव्हतं; उठल्यावर तासभर अंग सुस्त राहायचं, कुणी पटकन काही विचारलं तर चिडचिड व्हायची.

ओळखायची कशी? आवाजाची कसोटी लावा. टोक्योतले मानसोपचारतज्ज्ञ अकिरा कासामात्सु आणि तोमिओ हिराइ यांनी 1966 मध्ये झेन साधकांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोळे उघडे असतानाही साधकांच्या मेंदूत विश्रांतीच्या अल्फा लहरी दिसत होत्या. पण त्याहून बोलका भाग पुढचा आहे. त्यांना ‘टक’ असा आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला. एरवी माणूस अशा आवाजाला सरावतो आणि मेंदूचा प्रतिसाद विरत जातो. अनुभवी साधकांचा मेंदू मात्र प्रत्येक वेळी प्रतिसाद देत होता, जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

आपल्याला यंत्र लागत नाही. बाहेर दार वाजलं, पक्षी ओरडला, नळ सुरू झाला. तो आवाज तुमच्यापर्यंत कसा आला? दचकवून आला, तर तुम्ही झोपेत होता. खूप लांबून, कापसातून आल्यासारखा आला, किंवा ‘मघाशी काहीतरी वाजलं होतं बहुतेक’ असं मागाहून आठवलं, तर ती गुंगी. आवाज आला, स्पष्ट आला, त्याचा कंगोरान् कंगोरा ऐकू आला आणि अंग जागचं हललं नाही, तर तुम्ही जागे आहात. दुसरी कसोटी उठल्यावरची: खोलीतले रंग, कडा, सावल्या बसण्याआधीपेक्षा ठळक दिसतात की पुसट? तिसरी वेळेची. वेळ ‘गायब’ झाली असेल तर सावध व्हा. जागेपणी वेळ लांब वाटो की आखूड, मधला भाग हरवलेला नसतो.

गुंगी ओळखली की उपाय उलटा वाटेल असा आहे. आराम कमी करा. बैठक छोटी करा, चाळीसऐवजी वीस-पंचवीस मिनिटं, पण प्रत्येक श्वास शेवटपर्यंत पूर्ण बघायचा. श्वासाची सुरुवात, मध्य, शेवट आणि शेवटानंतरची छोटीशी थांबण्याची जागा. गुंगी सगळ्यात आधी त्या थांब्यात शिरते, म्हणून पहारा तिथे.

सेशिन आणि काठी

सेशिन म्हणजे काही दिवसांचं सलग झाझेन. तिथे झोप येते आणि भरपूर येते. दुसरा-तिसरा दिवस सहसा सगळ्यांत वाईट. पहाटे लवकर उठणं, दिवसभर बसणं, अंगदुखी हे सगळं जमून येतं. 1 ते 8 डिसेंबरचं रोहात्सु सेशिन तर बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीच्या स्मरणार्थ असतं आणि ते वर्षातलं सर्वांत कडक मानतात. तिथल्या एका गोष्टीवर माझा फार भर असतो: मधल्या विश्रांतीत गप्पा, फोन, वाचन काही नको. जेवणानंतर मोकळा वेळ असेल तर वीस मिनिटं पडा. वीसपेक्षा जास्त नको, गाढ झोपेतून उठलात तर दुपार जड जाते. सेशिनला येण्याआधीचे दोन-तीन दिवस पूर्ण झोपून या. आदल्या रात्री जागून कामं उरकून येणाऱ्यांचे पहिले दोन दिवस नुसते ती जागरणं फेडण्यात जातात.

काठीबद्दल गैरसमज खूप आहेत. सोतो पंथात क्योसाकु आणि रिन्झाइत केइसाकु म्हणतात ती ही चपटी लाकडी काठी. ती शिक्षा नव्हे. सोतोमध्ये बसलेले लोक भिंतीकडे तोंड करून असतात, काठी मागून येते आणि उजव्या खांद्यावर लागते. पुष्कळ ठिकाणी ती मागावी लागते: हात जोडून खूण करायची, मान डावीकडे झुकवायची, फटका झाला की पुन्हा हात जोडून नमस्कार. मारणाराही नमस्कार करतो. फटका मान आणि खांदा यांच्यामधल्या स्नायूवर बसतो, आणि तिथे साचलेला ताण मोकळा होऊन डोकं लख्ख होतं. आज अनेक केंद्रांत ती वापरतही नाहीत. नको असेल तर मागू नका, त्यात काही कमीपणा नाही.

जुन्या गोष्टी मात्र याहून कडक आहेत. दोगेन यांचे चिनी गुरू रुजिंग झोपलेल्या भिक्षूंना मुठीने, चपलेने मारत. बसण्याचा वेळ कमी करावा, भिक्षू थकलेत, अशी विनंती झाली तेव्हा त्यांनी ती मानली नाही. तळमळ नसेल तर थोडा वेळही झोपच येईल, असं त्यांचं म्हणणं. अकराव्या शतकातले चिनी आचार्य शिशुआंग चुयुआन झोप आली की मांडीत टोच्या खुपसत, आणि ते वाचून पुढे मोठे जपानी झेन आचार्य झालेल्या तरुण हाकुइन यांना बळ मिळालं. या माणसांच्या तळमळीपुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण त्यांचं सगळं आयुष्य मठाच्या आवारात होतं. ज्याला बसून उठल्यावर गाडी चालवायची आहे, लेकरांना सांभाळायचं आहे, त्याने त्यांची तळमळ घ्यावी, टोच्या घेऊ नये. आणि पेंगलेल्या अवस्थेत बैठक संपली तर लगेच गाडीची किल्ली हातात घेऊ नका.

तरीही झोप हटत नसेल

आठवडाभर नोंद ठेवा. रात्री किती तास झोपलात, किती वाजता बसलात, कितव्या मिनिटाला अंगठे पडले, आदल्या तासात काय केलंत. चार रकाने, बस. बहुतेकांना सातव्या दिवशी उत्तर कागदावरच दिसतं.

सात-आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मधेच श्वास थांबतो, किंवा सकाळी डोकं दुखत उठत असाल, तर डॉक्टरांकडे जा. झोपेतला श्वासरोध, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, अॅलर्जीची किंवा इतर काही औषधं यांनी झोप येते, आणि ती आसन सुधारून जात नाही. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता त्या सुत्तातला शेवटचा उपाय. विचार सोडला, पाठ केलेलं म्हटलं, कान ओढले, डोळे धुतले, तारे पाहिले, चालून झालं आणि तरीही झोप गेली नाही, तर बुद्ध मोग्गल्लानांना सांगतात: आडवा हो. उजव्या कुशीवर, सिंहासारखा, पायावर पाय ठेवून, आणि मनात उठण्याची वेळ ठरवून. जाग आली की लगेच ऊठ.

म्हणून सगळ्या पायऱ्या चढून झाल्या असतील तर हात जोडा, झाफू सारखा करून ठेवा, वीस मिनिटांचा गजर लावा आणि उजव्या कुशीवर झोपा. गजर वाजला की तोंड धुवा आणि परत बसा, अंगठ्यांपासून.